हिवाळे मामांचा दम

गेल्या महिन्यात जुन्या जालन्यातल्या एका मेडिकलसमोर रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी उभी होते. माझ्यापुढे एक तरुण आई होती, कडेवर चार-पाच वर्षांचं पोर. दुकानदाराने खोक्यातून दम्याचा पंप काढून तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मारा." बाईने पंप उलटासुलटा करून पाहिला आणि अगदी मनापासून विचारलं, "कुठं मारू?"

मागचे दोघे हसले. मला हसू आलं नाही. गोळ्या राहिल्या बाजूला. मी त्या बाईला घेऊन शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले ती चांगली पाऊण तास. घरी सुनेने विचारलं, "एवढा उशीर?" मी म्हटलं, "हिवाळे मामांचं एक काम राहिलं होतं."

हिवाळे मामा म्हणजे भीमराव हिवाळे, आमच्या दवाखान्याचे कंपौंडर. दवाखाना लहान मुलांच्या डॉक्टरांचा. मी दाराशी टेबल टाकून केसपेपर लिहायचे, डॉक्टर आत तपासायचे आणि या दोहोंच्या मधे, भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. तो बाक मामांचा. डॉक्टर स्वभावाने सज्जन, पण घाईचे. ज्याच्या कागदावर त्यांनी पंप लिहिला, त्याला ते दारातूनच ओरडून सांगत, "हिवाळे, यांना दाखवून द्या." एवढ्या चार शब्दांवर मामांनी तीस वर्षांची नोकरी उभी केली होती.

अंगाने शिडशिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, उन्हाळ्यातसुद्धा. सायकलवर यायचे. खिशात पेन नसायचा, कारण खिशात कायम दोन रिकामे पंप असत, एक निळा, एक तपकिरी. मोंढ्यात भाजी घेताना वाकले की हमखास एखादा वांग्यांत पडायचा आणि भाजीवाली म्हणायची, "मामा, तुमचा मोबाईल पडला."

त्यांची एक खोड मला पहिल्या दिवसापासून खटकायची. पोर दारात आलं की माणूस त्याच्या तोंडाकडे बघतो, हसतो, नाव विचारतो. मामा बघायचे गळ्याकडे. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधे जी खळी असते, तिच्याकडे. श्वासागणिक ती खळी आत ओढली जात असेल तर मामा नाव-गाव काही न विचारता पोराला उचलून सरळ आत न्यायचे. खळी शांत असेल तर मग सावकाश वर, चेहऱ्याकडे. "आधी खळी, मंग चेहरा," असं ते म्हणायचे. मला ते फार कोरडं वाटायचं. पुढे कळलं की कोरडी मीच होते, चेहऱ्याला भुलणारी.

आणि त्यांचा आवडता शब्द होता, 'दम धर'. केसपेपरासाठी धक्काबुक्की चालली की "दम धरा, दम धरा". मी जेवणाचा डबा लवकर उघडला की "ताई, दम धरा की, साहेबांचं होऊ द्या". रिक्षावाला दारात हॉर्न वाजवायला लागला की खिडकीतून हात बाहेर काढून तेच. आमच्या इमारतीतले लोक त्यांना पाठीमागे 'दम धरा मामा' म्हणायचे आणि ते मामांना माहीत होतं.

पंप शिकवणं म्हणजे काय असतं, हे बाहेरच्याला वाटतं तेवढं सोपं नाही. आमच्या भागात पंप म्हटलं की कपाशीवर फवारायचा पंप डोळ्यांपुढे येतो. एकदा घनसावंगीकडचा एक बाप आला, म्हणाला, "पंधरा दिवस मारून राह्यलो, फरक न्हाई." मामा म्हणाले, "कसा मारता, दाखवा." त्याने पोराला उठवून खिडकीजवळ नेलं, वारा कुठून येतो ते पाहिलं, पोराची पाठ वाऱ्याकडे केली, त्याला आ करायला लावलं आणि हातभर अंतरावरून फुस्स केलं. फवारणीचा सगळा कायदा त्याने बरोबर पाळला होता. मी हसू दाबायला केसपेपरात डोकं घातलं. मामा मात्र गंभीरपणे म्हणाले, "वाऱ्याची दिशा बिलकुल बराबर पकडली तुम्ही. आता फक्त अंतर कमी करू." त्या दिवसापासून 'पंप मारणे' हा शब्द आमच्या दवाखान्यात बंद झाला. मी चुकून बोलले तरी मामा मान हलवायचे.

दुपारी गर्दी ओसरली की दवाखान्यात प्लास्टिक तापल्याचा वास सुटायचा. मामा थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या जमवायचे, धुवायचे, तार तापवून बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचे आणि कडेला चिकटपट्टी गुंडाळायचे. पंप भोकात घट्ट बसवायचा, बाटलीचं तोंड पोराने ओठांत धरायचं. औषध आधी बाटलीत पसरतं, मग पोर ते सावकाश आत घेतं; जिभेवर आपटून वाया जात नाही. विकतची नळी ज्यांना मिळत नसे त्यांना ही बाटली. डॉक्टरांना आधी हा पोरखेळ वाटला. मग त्यांनी कुठेतरी वाचलं की हे चालतं, आणि तेच लोकांना सांगायला लागले, "आमच्या हिवाळेंची बाटली घ्या."

बाटली साबणाच्या पाण्यात बुडवून तशीच निथळत ठेवायची, फडक्याने पुसायची नाही. पुसली की औषध भिंतींना चिकटून बसतं. हे सांगूनसुद्धा एक माउली तारेच्या घासणीने बाटली इतकी घासून आली की आरपार दिसेना. "तांब्यासारखी लख्ख केली बघा," म्हणाली. मामांनी तिचं कौतुक केलं आणि नवी बाटली दिली.

प्रत्येक पोराची बाटली वेगळी, वर नाव. मामांची स्वतःची, दाखवायची, तीही वेगळी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'हिवाळे'. ती त्यांनी कधी कुणाला तोंडाला लावू दिली नाही आणि पोराची बाटली स्वतः कधी ओठांपर्यंत नेली नाही. विचारलं तर म्हणायचे, स्वच्छता. मामा बौद्ध, आणि येणाऱ्यांत सगळ्या तऱ्हेचे लोक. त्या स्वच्छतेच्या मागे आणखी काय काय होतं ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

"पंपाची सवय लागती म्हणे," असं दर दुसरा बाप म्हणायचा. त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं. "श्वासाची सवय सगळ्यालाच हाय. तुम्हाला न्हाई का?"

आता मूळ गोष्टीकडे येते.

पंप शिकवताना मामा आधी साधं सांगायचे, 'हलव, ओठात धर, दाब, हळू ओढ, मग दम धर.' दम धर म्हणजे श्वास आत कोंडून दहापर्यंत मोज. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस आष्टीकडची एक सासू सुनेला आणि नातीला घेऊन आली. मामा नातीला म्हणाले, "ओढ बाई, ओढ, हळू ओढ." सासू ताडकन उभी राहिली. "आमच्या घरात गडीसुद्धा ओढत न्हाईत, आन् तुम्ही पोरीला ओढायला शिकवून राह्यले?" बिडीचा शब्द तो. पोरीचा हात धरून ती निघालीच. मामा चपला न घालता रिक्षापर्यंत मागे गेले, विनवण्या केल्या, परत आणलं. पण ती परत येणार नाही या भीतीने त्यांचा चेहरा जो उतरला होता, तो मी पाहिला होता. त्या संध्याकाळी त्यांनी 'ओढ' हा शब्द टाकून दिला.

दुसरा शब्द सापडेना. 'श्वास घे' म्हटलं की पोरं नाकाने सूं करून खांदे वर उचलायची. 'दम भर' म्हणून पाहिलं. मीच त्यांना चिडवलं, "मामा, दम भरणं म्हणजे रागावणं. पोराने बाटलीला दम भरला म्हणजे?" तेही हसले. म्हणाले, "ताई, आपल्या मराठीत वारा आत घ्यायला साधा शब्दच न्हाई का हो?" शेवटी ते त्या जागी शब्दच वापरेनासे झाले. 'दाब' म्हणायचे, हात पोटापासून छातीपर्यंत वर न्यायचे आणि म्हणायचे, 'दम धर'. हातावरून पोरांना कळायचं. निदान आम्हाला तसं वाटायचं.

त्याच दिवसांत वैष्णवी आली. राजूरच्या पुढच्या एका खेड्यातली, नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या. वडील सांडूभाऊ, जमीनजुमला असलेला, ताठ कण्याचा शेतकरी. तुरीच्या मळणीची धूळ लागली आणि पोरीचा दम उठला. मामांनी खळी पाहिली आणि तिला उचलून आत नेलं. वाफ दिली, ती निवळली. मग डॉक्टरांनी रोजचा पंप लिहिला आणि मामांनी तिला बाकावर बसवून शिकवलं. पोरगी तल्लख. एकदा सांगितलं, जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "हलवायचं, ओठात धरायचं, दाबायचं, दम धरायचा, दहा." मामा खूश. सांडूभाऊंनीही सगळं लक्षपूर्वक पाहिलं.

मधे दोनदा मामांनी फोन केला. मी शेजारीच होते.

"घेती का बराबर?"

"रोज. मी सोता समोर बसतो."

"दम धरती का?"

"दहा आकडे. मीच मोजतो."

मामांनी फोन ठेवला आणि समाधानाने म्हणाले, "असा बाप पाहिजे."

पाडवा होऊन गेल्यावर सांडूभाऊ पोरीला पाठुंगळी घेऊन आले. पाठीवरून खाली उतरायचंसुद्धा तिला जमेना. खळी इतकी आत जात होती की मला बघवेना. पुन्हा वाफ, इंजेक्शन, डॉक्टर तासभर तिच्याजवळून हलले नाहीत. ती निवळल्यावर ते बाहेर येऊन म्हणाले, "रोजचं औषध घेऊनही ही अवस्था, म्हणजे आता डोस वाढवावा लागेल. मोठ्या दवाखान्यातही दाखवून घ्या."

सांडूभाऊंनी खिशातून पंप काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आदळलाच. "वाढवायचा न्हाई आन् घ्यायचाबी न्हाई. तीन महिने झाले, एक दिवस चुकलो न्हाई. पोरगी शाळेत जाईना, वट्यावरून उठंना. उद्यापासून पंप बंद. लोक म्हणत व्हते तेच खरं."

पंप सुटला तर ती पोरगी पुढची मळणी पाहणार नाही, हे त्या खोलीत सांडूभाऊ सोडून सगळ्यांना कळत होतं. डॉक्टर समजावायला लागले तसा तो माणूस आणखी ताठ झाला. मामांनी वैष्णवीला बाकावर बसवलं, टेबलावरचा पंप आणि तिची बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "बेटा, घरी कसं घेतीस, तसं दाखव. मी हात करणार न्हाई, बोलणार न्हाई."

तिने पंप हलवला. बाटलीत बसवला. ओठ गच्च मिटले. दाबलं. बाटलीत पांढरा धूर झाला. आणि ती तशीच बसून राहिली. छाती हलली नाही. डोळे मोठे करून, शहाण्या मुलीसारखी, बोटांवर एक-एक आकडा मोजत. बाटलीतला धूर हळूहळू बाटलीतच विरला. दहा झाले, तिने बाटली काढली आणि म्हणाली, "धरला दम."

म्हणजे ती थांबत होती. तीन महिने, रोज दोन वेळा, दाबून झाल्यावर पोरगी धीर धरून बसत होती आणि बाप समोर बसून आकडे मोजत होता. पहिल्या दिवशी दवाखान्यात वाफेनंतरही ती थोडी धापा टाकत होती, त्यामुळे मामांचा हात वर गेला तसा श्वास आपोआप आत गेला. घरी शांत बसून घेताना तिने मामांचा शब्द पाळला. दम धर म्हणजे थांब. सगळ्या जालना जिल्ह्यात त्याचा अर्थ तोच होतो आणि मामा स्वतः दिवसातून पन्नास वेळा त्याच अर्थाने तो वापरत होते.

मामा उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. मग सांडूभाऊंच्या समोर उभे राहिले.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "पंपाची न्हाई. पोरीची तर बिलकुल न्हाई."

"तुमची कशी? मी समोर होतो. तुम्ही बराबर शिकवलं."

"समोर व्हते म्हणूनच सांगतो. मी काय म्हणलो ते आठवा. आत घे, असं एकदा तरी म्हणलो का? पोरगी मी बोललो तेच करून राह्यली. औषध एक दिवसबी तिच्या पोटात... छातीत गेलं न्हाई. मला एक महिना द्या. मंग बंद करायचा तर मीच तुमच्यासमोर फेकून देतो."

मला वाटतं, दवाखान्याच्या पायऱ्या चढून त्या बापाची अर्धी हयात गेली असेल, पण 'चूक माझी' हे शब्द त्याने तिथे कधी ऐकले नसतील. त्याने बाकावरचा पंप उचलून पोरीच्या हातात दिला आणि बाकाच्या कडेला बसला.

मामा वैष्णवीपुढे उकिडवे बसले.

"वैशू, तुमच्या गावात पाणी कशानं येतंय?"

"टँकरनं."

"टँकर आला की हंडा धरून नुसतीच उभी राहतीस का?"

पोरीला हसू आलं. "न्हाई. भरून घेते."

"जल्दी जल्दी?"

"जल्दी केलं की सांडतंय. हळू भरते."

"मंग?"

"मंग धरून घरी आणते."

"हां," मामा म्हणाले. "दाबलं की टँकर आला. आधी भरून घ्यायचं. हळू, काठापर्यंत. मंग धरायचं. भरलंच न्हाई तर धरणार काय?"

तिने दाबलं. पहिल्यांदा बाटलीतला धूर हलताना दिसला. हळूहळू तिच्याकडे सरकत गेला आणि बाटली रिकामी झाली. मी लिहीत होते तो केसपेपर तसाच राहिला. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

मामांनी पुढे जे केलं ते करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या आष्टीच्या सासूनंतर ज्या ज्या पोरांना त्यांनी पंप शिकवला होता, त्या सगळ्यांचे केसपेपर त्यांनी मला काढायला लावले आणि एकेकाला फोन केले. त्यात आणखी काही मुलं तशीच धीर धरून बसलेली निघाली. पुढचे चार रविवार ते एस.टी.ने राजूरला आणि तिथून मिळेल त्या वाहनाने वैष्णवीच्या गावी गेले. मामा विहारात जाणारे, देवळाची पायरी न चढणारे. पण सोमवारी माझ्या टेबलावर राजूरच्या गणपतीच्या प्रसादाची पुडी असायची. "सांडूभाऊनं दिला. तुमचा देव, तुम्हीच खा," असं म्हणायचे. खाताना थोडा मागून घ्यायचे ते वेगळं.

महिनाभराने सांडूभाऊ पोरीला घेऊन आले तेव्हा ती पाठीवर नव्हती. बंद करण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मामांनीही काढला नाही.

पुढे शहरातल्या मुलांना 'नळ आला' आणि खेड्यातल्यांना 'टँकर आला' असं शिकवणं सुरू झालं. आमच्या जालन्यात नळ किती दिवसांनी येतो ते काय सांगावं. नळ आला म्हटल्यावर 'भरून घे' हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तीन वर्षांच्या पोरालासुद्धा कळायचं.

पण एक शब्द मामांनी कायमचा सोडला. त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून मी 'दम धरा' ऐकलं नाही. गर्दीला म्हणायचे 'थांबा', रिक्षावाल्याला म्हणायचे 'सबर करो भाई'. कधी जिभेवर यायचं, ओठ तसे व्हायचे आणि ते गिळून टाकायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, आता पुरे की." तर म्हणाले, "ताई, त्या शब्दानं एक पोरगी तीन महिने उपाशी राहिली." वारा न मिळणं म्हणजे उपाशी राहणं, असं त्यांच्या हिशेबी होतं.

चारेक वर्षांनी डॉक्टरांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. मामा आष्टीला मुलीकडे राहायला जाणार होते. पुढे मी एकदा भेटायला जायचं म्हणत राहिले आणि राहूनच गेलं. गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर कळवलं. त्यामुळे दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दिवसाचे मामाच माझ्यापाशी राहिले आहेत.

शाल, नारळ, फोटो सगळं उरकलं होतं. मामांनी बाकाखालच्या बाटल्या पोत्यात भरून सायकलच्या मागे बांधल्या. एका पायडलवर पाय ठेवला, एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आवाज आला.

"मामा! दम धरा! दम धरा मामा!"

मामांचा पाय तिथेच थबकला. गल्लीतून एक उंच पोरगी धावत येत होती, शाळेच्या कपड्यांतच. खूप मागे सांडूभाऊ, धोतर सावरत, तिला गाठायचा प्रयत्न सोडून दिलेले. ती सायकलपाशी येऊन थांबली. "एस.टी. लेट झाली," म्हणाली. "रिक्षा गर्दीत अडकली, म्हणून चौकातून पळत आले. मला वाटलं तुम्ही गेल्ते." सगळं एका दमात, मधे न थांबता.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मामा बघत नव्हते. सायकल कमरेला टेकवून ते तिच्या गळ्याखालच्या खळीकडे बघत उभे होते, एक श्वास, दुसरा श्वास, तिसरा. पळून आल्याने ती वरखाली होत होती, पण आत जात नव्हती.

मग सावकाश त्यांनी नजर वर केली, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "धरला, बेटा."